पाऊल दुखावले, पुन्हा धावायचे केव्हा?

पहाडावरच्या एका शाळेतील गुरुजी दीड वर्षापासून पहाटे धावायला जात. वय बेचाळीस, रक्तदाब थोडा वाढलेला, पोट सुटलेले. "गुरुजी, चालायला लागा" असे मीच त्यांना सांगितले होते. ते चालायला लागले आणि हळूहळू धावायलाही लागले. वजन सात किलोंनी उतरले, रक्तदाबाची गोळी अर्ध्यावर आली. मग चंद्रपूरला हौशी लोकांसाठी दहा किलोमीटरची शर्यत आहे असे त्यांच्या कानावर आले. रोजचे पाच किलोमीटर त्यांनी तीन आठवड्यांत दहावर नेले आणि वर घाटाचा चढ-उतारही जोडला.

एक दिवस उजव्या पावलाच्या वरच्या बाजूला दुखू लागले. पडल्याचे किंवा पाय मुरगळल्याचे काही आठवत नव्हते. सूज बेताची होती. मी क्ष-किरण चित्र काढायला लावले. चित्रात हाडे साफ दिसली. मी क्रेप बँडेज बांधले, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि सांगितले, "आठ दिवस आराम करा, मग करा सुरू." गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे केले. तीन आठवड्यांनी ते लंगडत परत आले. दुसऱ्या चित्रात तिसऱ्या बोटामागच्या लांब हाडाला बारीक भेग आणि तिच्याभोवती नवे हाड जमू लागल्याची पांढरी सावली स्पष्ट दिसत होती. भेग पहिल्या दिवशीही होती, चित्रात मात्र उमटलेली नव्हती. हाड बोटाने नीट चाचपले असते आणि धावण्याचे वेळापत्रक विचारले असते, तर ते मला त्याच दिवशी कळले असते. ही चूक माझी होती, आणि म्हणूनच आजचा लेख.

पाऊल म्हणजे काय?

एका पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. त्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, शंभराहून अधिक आहेत. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार त्या पायावर येतो. सत्तर किलोचा माणूस एक किलोमीटर सावकाश धावला, तर हजार-बाराशे पावले पडतात. म्हणजे एकेका पायाला पाचशे-सहाशे वेळा दीड-दोनशे किलोंचा दणका बसतो.

निरोगी पाऊल हा भार सहज पेलते. हाड हे विटेसारखे निर्जीव नाही. भार पडला की त्यात सूक्ष्म झीज होते आणि विश्रांतीच्या काळात शरीर ती भरून काढून हाड अधिक बळकट करते. झीज रोज आणि भरणी मात्र उशिरा असे झाले की ताळेबंद बिघडतो. गुरुजींचे नेमके हेच झाले.

अशा भेगेची ओळख वैद्यकाला सैनिकांमुळे झाली. १८५५ साली ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरांनी लांब कूच करणाऱ्या जवानांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचे वर्णन केले. कारण मात्र सापडेना. १८९५ मध्ये राँटजेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि त्यानंतर दोनच वर्षांत ही हाडातली भेग आहे हे दिसून आले. आजही तिला 'मार्च फ्रॅक्चर' म्हणतात. आपल्याकडे ती पोलीस आणि वनरक्षक भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींत आढळते. जाहिरात निघते, घाई सुरू होते, आणि कालपर्यंत न धावलेली पोरे एका महिन्यात सगळे साधायला बघतात.

तीन दुखणी, तीन स्वभाव

धावणाऱ्यांच्या पावलाची दुखणी अनेक असली, तरी दवाखान्यात नेहमी येतात ती तीन.

पहिले, घोटा मुरगळणे. दगडावर किंवा रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यात पाय पडून आत वळतो. बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात किंवा फाटतात. सूज लगेच येते, दुसऱ्या दिवशी निळे-काळे होते. किरकोळ मुरगळ एक ते तीन आठवड्यांत, मध्यम दुखापत तीन ते सहा आठवड्यांत बरी होते. अस्थिबंध पूर्ण फाटला असेल तर तीन महिने किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो.

दुसरे, टाचेचे दुखणे. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताच टाचेखाली खिळा टोचल्यासारखे होते, चार पावले चालल्यावर कमी होते आणि दिवसभर उभे राहिल्यावर परत वाढते. तळव्याचा जो जाड पट्टा टाचेपासून बोटांपर्यंत जातो त्याचे हे दुखणे आहे. क्ष-किरणात टाचेला काटा दिसला की लोक घाबरतात. परंतु काही न दुखणाऱ्या कित्येकांच्या टाचेलाही असा काटा असतो. तेव्हा चित्रातल्या काट्यावर नव्हे, पट्ट्यावर उपचार करावे लागतात. हे दुखणे चिवट असते, काही महिने घेते. बहुतेक लोक शस्त्रक्रियेविना वर्षाच्या आत बरे होतात.

तिसरे, हाडाची भेग, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर. दुखापतीचा क्षण आठवत नाही. दुखणे धावताना वाढते, थांबल्यावर कमी होते. पुढे चालतानाही दुखते आणि शेवटी रात्रीही ठणकते. मुख्य खूण अशी की एका बोटाने दाबल्यावर हाडावर नेमकी एकच जागा दुखते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत क्ष-किरण चित्र कोरे येऊ शकते. कोऱ्या चित्रावर विसंबून धावू नये. संशय असेल तर भेग आहे असे समजून विश्रांती घ्यावी आणि तीन आठवड्यांनी चित्र पुन्हा काढावे. घाईने निदान हवे असेल तर एम.आर.आय. तपासणीत ते लवकर दिसते.

एक्स-रे कोणी काढावा?

पाय मुरगळला की प्रत्येकाने घाट उतरून गडचांदूर किंवा राजुरा गाठण्याची गरज नसते. कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये यासाठी साधी कसोटी दिली. जगभर ती पडताळून पाहिली गेली असून हाडाचे महत्त्वाचे मोडणे तिच्यातून क्वचितच निसटते. पुढीलपैकी एक जरी गोष्ट असेल तरी एक्स-रे काढावा :

१. दुखापतीनंतर लगेच आणि दवाखान्यातही, लंगडत का होईना, चार पावले टाकता येत नाहीत.
२. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या उंचवट्याचे टोक, अथवा त्याच्या वरची तीन-चार बोटांपर्यंतची मागची कड दाबल्यावर हाड दुखते.
३. पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीपासून मागे येताना मध्यावर जो उंचवटा लागतो, तो दाबल्यावर दुखतो.
४. पावलाच्या आतल्या कडेला, कमानीच्या वरचा उंचवटा दाबल्यावर दुखतो.

यांतील तिसऱ्या जागेजवळच्या एका मोडण्याला 'जोन्स फ्रॅक्चर' असे नाव आहे. इंग्लंडचे नामवंत अस्थितज्ज्ञ सर रॉबर्ट जोन्स यांचे स्वतःचे हाड नाचताना मोडले होते. १९०२ साली त्यांनी आपल्याच पावलावरून त्याचे वर्णन लिहिले. या भागात रक्तपुरवठा कमी असल्याने हाड जुळायला वेळ लागतो. चौथ्या जागेच्या हाडाचेही तसेच. या दोन ठिकाणी भेग असेल तर अस्थितज्ज्ञांकडेच जावे. प्लास्टर आणि पायावर अजिबात भार न देणे, कधी शस्त्रक्रियाही लागते.

ही कसोटी अचानक झालेल्या मुरगळीसाठी आहे. हळूहळू आलेल्या दुखण्याला ती लावू नये. लहान मुले, दारूच्या अमलात पडलेला माणूस आणि मधुमेहाने पाय बधिर झालेला रुग्ण यांच्याबाबतीतही तिच्यावर विसंबता येत नाही.

पहिले तीन दिवस

मुरगळल्यावर धावणे तिथेच थांबवावे. 'थोडे दुखते, घरापर्यंत धावतच जातो' हा हट्ट नडतो. क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून घोट्याच्या वरपर्यंत बांधावे. बोटे निळी-गार पडली किंवा मुंग्या आल्या तर ते लगेच सैल करावे. झोपताना पायाखाली दोन उशा घेऊन पाय छातीपेक्षा वर ठेवावा. बर्फाने ठणका कमी होतो, पण बर्फाने अस्थिबंध लवकर जुळतात असा पुरावा नाही. लावायचाच तर फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे लावावा, थेट कातडीवर ठेवू नये.

शेक, गरम तेल, जोराची मालीश आणि दारू हे पहिले तीन दिवस वर्ज्य समजावे, कारण यांनी सूज व रक्तस्राव वाढतो. हळदीचा लेप लावला तर बिघडत नाही, कातडी भाजेल इतका चुना मात्र त्यात घालू नये. आपल्याकडे हाड बसवणारी जाणती माणसे आहेत आणि लोकांचा त्यांच्यावर विश्वास आहे. माझे त्यांच्याशी भांडण नाही. परंतु मोडलेले हाड ओढणे आणि बांबूच्या काड्या लावून करकचून बांधणे धोक्याचे आहे. रक्त अडून पाय काळा पडला, तर तो वाचवणे कठीण होते.

'डॉक्टरसाहेब, एक सुई मारून द्या, उद्या धावायचे आहे' ही मागणी मला दर आठवड्याला ऐकायला मिळते. वेदना हा शरीराचा चौकीदार आहे, त्याला झोपवून चोर बाहेर जात नाही. ठणका फार असेल तर पॅरासिटामॉल पुरेसे असते. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या रक्तदाब, मूत्रपिंड किंवा पोटातील व्रण यांचा त्रास असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नयेत. टाचेत स्टेरॉइडचे इंजेक्शन वारंवार घेणे तर टाळावेच. त्याने काही आठवडे बरे वाटते, पण टाचेची गादी झिजण्याचा आणि पट्टा तुटण्याचा धोका असतो.

आराम म्हणजे खाटेवर पडणे नव्हे

साधी मुरगळ असेल तर दोन-तीन दिवसांनी घोटा हलवायला लागावे. बसल्या जागी पायाच्या अंगठ्याने हवेत अ, आ, इ, ई गिरवावी. दुखणे सोसेल तितके चालावे. पुढच्या टप्प्यात एका पायावर उभे राहण्याचा सराव करावा. आधी भिंतीला हात लावून, मग हात सोडून, तीस सेकंदांपर्यंत. हा व्यायाम फार साधा असल्याने लोक तो करत नाहीत. परंतु मुरगळीत अस्थिबंधाबरोबर पावलाचा तोल सांभाळण्याचा अंदाजही बिघडतो. तो परत मिळवला नाही तर तोच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो.

टाचेच्या दुखण्यात उठण्यापूर्वी अंथरुणातच पायाची बोटे हाताने आपल्याकडे ओढून दहा-दहा सेकंद धरावीत. भिंतीला हात टेकून पोटरी ताणावी. थोडे बरे वाटल्यावर पायरीच्या कडेवर बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, टाच सावकाश वर न्यावी आणि सावकाश खाली आणावी. हे दिवसाआड करावे. घरात गार फरशीवर अनवाणी चालण्याऐवजी मऊ चप्पल घालावी.

हाडाच्या भेगेला मात्र खरी विश्रांती हवी. मधल्या लांब हाडांची भेग साधारण सहा ते आठ आठवड्यांत जुळते. या काळात कडक तळाचा बूट घालावा, चालणे कामापुरते ठेवावे. पाय दुखणार नाही अशा बेताने सायकल चालवता येते, बसून हातांचे व पोटाचे व्यायाम करता येतात. दोन आठवडे धावणे बंद ठेवल्याने दम फारसा कमी होत नाही, आणि जो कमी होतो तो परत मिळतो.

गुरुजींचा या काळात रक्तदाब पुन्हा चढला. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, धावण्याने बरा झालो होतो, आता सगळेच संपले." मी गोळी पूर्ववत केली, मीठ कमी केले आणि त्यांना सायकलवर बसवले. धावणे बंद झाले की रक्तदाब आणि साखर यांची तपासणी अवश्य करावी, औषधाचे प्रमाण स्वतःच ठरवू नये.

परतीचा रस्ता

सपाट रस्त्यावर अर्धा तास भराभर चालल्यावर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही, दुखत नसेल तरच धावण्याचा विचार करावा. मुरगळ असेल तर आणखी एक परीक्षा. दुखऱ्या पायावर उभे राहून टाच पंधरा-वीस वेळा उचलता आली पाहिजे. त्यानंतर दिवसाआड पुढीलप्रमाणे :

पहिला आठवडा : पाच मिनिटे चालणे, मग एक मिनिट सावकाश धावणे व दोन मिनिटे चालणे, असे सहा ते आठ वेळा.
दुसरा आठवडा : दोन मिनिटे धावणे, दोन मिनिटे चालणे.
तिसरा आठवडा : तीन मिनिटे धावणे, एक मिनिट चालणे.
चौथा आठवडा : पाच मिनिटे धावणे, एक मिनिट चालणे.
पाचवा आठवडा : पंधरा ते वीस मिनिटे सलग, सावकाश.

एखादा आठवडा जड गेला तर तोच परत करावा. वेदनेला शून्य ते दहा असे गुण द्यावेत. मुरगळ आणि टाच यांत धावताना दोन-तीन गुणांइतके दुखले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शमले, तर चालते. हाडाच्या भेगेत मात्र शून्यच हवे. त्याच जागी जरा जरी दुखले तरी थांबावे आणि एक टप्पा मागे जावे.

त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट वाढवावी. आधी अंतर, मग चढ, मग वेग. उतार सर्वांत शेवटी. लोकांना चढ कठीण वाटतो, पण पावलाला दणका उतारावर बसतो. घाटात वर धावत जावे आणि पहिले काही आठवडे चालत उतरावे. आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक अंतर वाढवू नये असे सांगतात. तो अंदाज आहे, कायदा नव्हे. पाचाचे दहा तीन आठवड्यांत करू नयेत, एवढे त्यातून ध्यानात घ्यावे.

बुटात सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा असावी. तळ एका बाजूला झिजला असेल तर बूट बदलावा. भारी किमतीचा बूट दुखापत टाळतोच असे नाही. पायाला सोयीचा वाटतो तो चांगला. अनवाणी वाढलेल्या मुलांनी एकदम बुटात, किंवा बुटाच्या सवयीच्यांनी एकदम अनवाणी लांब धावू नये. डांबरी रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे रोज एकाच कडेने धावल्यास एका पायावर अधिक ताण येतो. वाहतुकीला तोंड करून धावण्याचा नियम मोडू नये, पण सपाट मैदान मिळाले तर तेच निवडावे.

यांनी विशेष जपावे

मधुमेही व्यक्तीने रोज रात्री तळवे पाहावेत. संवेदना कमी असल्यास मोडलेले हाडही दुखत नाही. पाऊल नुसतेच गरम, लाल आणि सुजलेले असेल तर धावणे सोडाच, चालणेही थांबवून डॉक्टरांकडे जावे.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात सिकलसेल पुष्कळ आहे. सिकलसेलच्या रुग्णाला हाडांत कळा येतात, त्या धावण्याच्या समजून अंगावर काढू नयेत. उन्हात, पाणी न पिता जोरात धावणे अशांना घातक ठरू शकते. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ पासून सुरू झाली आहे. भरतीच्या तयारीपूर्वी प्रत्येक मुलामुलीने रक्ततपासणी करून घ्यावी.

ज्या मुलींची पाळी धावण्याचा सराव सुरू केल्यापासून अनियमित किंवा बंद झाली आहे, त्यांनी लाज न धरता सांगावे. खाणे कमी आणि श्रम जास्त झाल्याची ती खूण असते, आणि त्यात हाडे ठिसूळ होतात. भाकरीबरोबर डाळ, दूध किंवा ताक, तीळ, अंडी आणि पोटभर जेवण हे सरावाइतकेच आवश्यक आहे.

धीराचे फळ

पहाडावरच्या पायांत बळ नाही असे कोणी म्हणणार नाही. मे २०१८ मध्ये आपल्या जिल्ह्यातील आदिवासी आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. बोर्डा, देवाडा आणि जिवती येथील आश्रमशाळांतून त्या मोहिमेसाठी मुले निवडली होती. त्यांच्यामागे महिनोन्महिन्यांचा, टप्प्याटप्प्याने वाढवलेला सराव होता. त्याच वर्षी बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे घोट्याच्या दुखापतीमुळे आशियाई स्पर्धेसाठी पात्र ठरू शकला नाही. पण सप्टेंबरमध्ये भुवनेश्वरला त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे २९.८० सेकंदांत पूर्ण करून गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो अंतिम फेरीत धावला. दुखापत झाली म्हणजे धावणे संपले असे नव्हे.

आपल्याला विक्रम करायचे नाहीत. आपल्याला साठीतही रोज सकाळी बाहेर पडता यावे, एवढेच हवे. गुरुजींची ती शर्यत हुकली. चार महिन्यांनी ते पुन्हा पाच किलोमीटर धावू लागले, दहाचे नाव अजून काढलेले नाही. घाटात वर धावत जातात आणि उतरताना चालतात. मागच्या महिन्यात ते आले, तेव्हा रक्तदाब पाहून मी गोळी परत अर्धी केली. आणि आता कोणी पाऊल दुखते म्हणून आला, की चित्र मागवण्यापूर्वी मी बूट काढायला सांगतो, एकेक हाड बोटाने दाबून पाहतो आणि विचारतो, "गेल्या महिनाभरात धावणे किती वाढवले?"